वाचकांचे प्रश्न : बाई, आई, माउली

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की आईबद्दल, म्हणजे आपल्या ख्रिस्ती विश्वासात आईची जागा कोणती याबद्दल काही मनात असेल तर लिहून पाठवा. नागपुरातलं सदर, मेकोसाबाग, जरीपटका, इंदोरा, शिवाय कामठी, सगळीकडून पत्रं आली. त्यातली पाच इथं घेतली आहेत. पत्रं आतल्या गोष्टींची आहेत म्हणून कोणाचंही नाव छापलेलं नाही.

ख्रिस्तात सप्रेम सलाम ताई. माझं माहेर कॅथलिक आणि सासर सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, प्रोटेस्टंट. लग्नाला 6 वर्षं झाली. माहेरी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरीयेची माळेची प्रार्थना व्हायची, इथं मरीयेचं नाव फक्त नाताळात निघते. मागच्या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत योहानाचा दुसरा अध्याय होता, काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो तो, तर सासरे म्हणाले, बघ, येशूनं पण आईला 'बाई, तुझा माझा काय संबंध' असं म्हटलं, म्हणून तिला एवढं मोठं करायची गरज नाही. मी चूप राहिली पण मनाला लागून राहिलं. येशू आपल्या आईशी असा तोडून काऊन बोलला?
– एक सून, मेकोसाबाग

आधी त्या 'बाई' शब्दाचं बघू, कारण आपल्याला तो आजच्या कानाने ऐकू येतो आणि म्हणून टोचतो. मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे तोच शब्द येशू वधस्तंभावरून आईशी बोलताना वापरतो, आणि पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेजवळ रडत उभ्या असलेल्या मग्दालीया मरीयेलाही तोच. तिथं कोणाला तो तुसडा वाटत नाही. आणि आपल्याकडचंच बघा ना, जुन्या घरांतून आईलाच बाई म्हणायचे, माझे आजोबा त्यांच्या आईला शेवटपर्यंत बाईच म्हणत आणि ती हाक मारताना त्यांचा आवाज कसा मऊ व्हायचा ते मला अजून आठवतं. तेव्हा शब्दात अपमान नाही.

पण 'तुझा माझा काय संबंध' यात थोडं अंतर आहे, ते नाकारून चालणार नाही. येशू म्हणतो माझी वेळ अजून आलेली नाही, म्हणजे माझ्या कामाची वेळ माझा पिता ठरवणार, घरातलं नातं ठरवणार नाही. इथपर्यंत तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे. फक्त त्यांनी वाचन तिथं थांबवायला नको होतं. पुढच्याच ओळीत मरीया काय करते? ती रुसत नाही, वाद घालत नाही, सरळ नोकरांकडे वळते आणि म्हणते, हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा. आणि मग सहा दगडी रांजण पाण्यानं काठोकाठ भरले जातात, त्या पाण्याचा द्राक्षारस होतो आणि लग्नघराची अब्रू राहते. मरीयेचं यानंतर एकही वाक्य शुभवर्तमानांत नोंदलेलं नाही, हे तिचं शेवटचं नोंदलेलं बोलणं. लग्नघरात द्राक्षारस संपला हे तिच्या लक्षात आलं, तिनं सांगितलं, आणि पहिलं चिन्ह तिथं घडलं. आता सांगा, तिच्या बोलण्याला वजन होतं की नव्हतं?

राहिला कॅथलिक-प्रोटेस्टंट मुद्दा. मरीयेला 'देवाला जन्म देणारी' म्हणायचं हे इफिसच्या धर्मसभेत ठरलं, साल 431. तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन पक्ष झालेलेच नव्हते, म्हणजे तो वारसा तुमच्या माहेरचाही आहे आणि सासरचाही. मार्टिन लूथरने 1521 मध्ये मरीयेच्या स्तोत्रावर आख्खं विवेचन लिहिलं आणि तिच्याबद्दल फार आदरानं लिहिलं. फरक प्रार्थनेचा आहे. प्रोटेस्टंट म्हणतात की देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकटा ख्रिस्त, म्हणून विनंती त्याच्याकडेच. कॅथलिक म्हणतात आपण जसं शेजारच्या काकूंना म्हणतो माझ्यासाठी प्रार्थना करा, तसंच मरीयेला म्हणतो. हा फरक खरा आहे आणि तो तुमच्या घरात एका संध्याकाळी मिटणार नाही, मिटायलाच पाहिजे असंही नाही. पण आदर हा वादाचा विषय नाही. सासऱ्यांना एक आठवण द्या, सीएनआयची स्थापनाच आपल्या नागपुरात झाली, 29 नोव्हेंबर 1970 ला, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा वेगवेगळ्या मंडळ्या आपापल्या रीती घेऊन एकत्र आल्या म्हणून. तर एका घरात दोन रीती नांदायला काय हरकत आहे.

आणि या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या या आठवड्यांत, लूक 1, ओवी 46 ते 55, तेच मरीयेचं स्तोत्र, त्यांच्यासोबत बसून मोठ्यानं वाचा. एक खेड्यातली पोरगी, अजून लग्नही झालेलं नाही, आणि ती गाते की देवानं सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढलं, भुकेल्यांना भरवलं आणि धनवानांना रिकाम्या हातानं लावून दिलं. असं गाणाऱ्या आईच्या मांडीवर येशू वाढला. पुढं तो शिष्यांकडे बघून 'अहो दीनांनो, तुम्ही धन्य' म्हणाला, तेव्हा त्यात आईचा सूर मला तरी ऐकू येतो.

माझा मुलगा 24 वर्षाचा आहे, पुण्याला आयटीत आहे. लहानपणी संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून दरवर्षी बक्षीस आणायचा. आता म्हणते, आई मला हे काही पटत नाही, मी चर्चला जात नाही, खोटं कशाला बोलू. मिस्टर म्हणतात तुझ्याच लाडानं बिघडला. चर्चमधल्या बाया दर रविवारी विचारतात मुलगा काय म्हणून राहिला. मी आई म्हणून फेल झाली का हो?
– एक आई, जरीपटका

नाही. हे आधी लिहून टाकते, बाकीचं नंतर.

तुम्हांला एका बाईची गोष्ट सांगते, सोळाशे वर्षांपूर्वीची. मोनिका तिचं नाव, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावची, आजच्या अल्जीरियात येतं ते. मुलगा अतिशय हुशार, भाषणात पटाईत, आणि तरुणपणी आईचा विश्वास सोडून मानी नावाच्या माणसाच्या पंथात गेला, वर लग्न न करता एका बाईबरोबर राहू लागला, तिच्यापासून एक मूल झालं. मोनिका इतकी दुखावली की तिनं त्याला घरात, आपल्या ताटाशी बसू देणं बंद केलं. मग तिला एक स्वप्न पडलं, त्यात तिला सांगितलं गेलं की नीट बघ, तू जिथं उभी आहेस तिथंच तोही उभा आहे. तेव्हापासून तिनं त्याला पुन्हा घरात घेतलं, एका टेबलाशी जेवू लागले. त्याचे विचार बदलले नव्हते बरं का, अजून नऊ वर्षं तो तसाच होता. आधी ताट मांडलं गेलं, मन बदललं ते फार नंतर.

मग ती एका बिशपकडे गेली, म्हणाली तुम्ही त्याच्याशी बोला, त्याच्या चुका दाखवा. बिशप नाही म्हणाले. म्हणाले आत्ता तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. ती ऐकेना, रडत बसली, तेव्हा ते वैतागून म्हणाले, जा आता, एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. पुढं तर मुलानं तिला चक्क फसवलं, मित्राला निरोप द्यायला जातो म्हणून सांगितलं आणि ती रात्री चर्चमध्ये प्रार्थना करत असताना जहाजात बसून रोमला निघून गेला. ती मागून समुद्र ओलांडून मिलानपर्यंत गेली. 387 च्या ईस्टरला बिशप अँब्रोजनी त्याला बाप्तिस्मा दिला आणि त्याच वर्षी ती गेली, परक्या गावात, ओस्तिया बंदरावर. जाताना म्हणाली, माझं शरीर कुठंही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. तो मुलगा म्हणजे संत ऑगस्टीन, आणि हे सगळं त्यानंच आपल्या हातानं लिहून ठेवलंय, आपण आईशी खोटं बोललो तेसुद्धा.

ऑगस्टीन परत आला म्हणून प्रत्येकाचा मुलगा ठराविक वर्षांत परत येतोच असं मी तुम्हांला लिहून देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण मोनिकाला चर्च संत मानतं ते निकालामुळे नव्हे असं मला वाटतं. ज्या वर्षांत काहीच दिसत नव्हतं त्या वर्षांतही ती होती, म्हणून.

प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सुरुवातीलाच त्याच्या आजीचं आणि आईचं नाव घेतलंय, लोईस आणि युनीके. म्हणतो तुझ्यातला हा निष्कपट विश्वास आधी त्यांच्यात राहत होता. तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता, म्हणजे घरात सगळं एका सुरात नव्हतंच, तरी त्या दोघींनी पोराला लहानपणापासून शास्त्र शिकवलं. तुमच्या मुलानं पाठ केलेली वचनं कुठं गेलेली नाहीत. आणि तो तुमच्याशी खोटं बोलत नाही ना? चर्चला गेलो होतो असं फोनवर सांगणं त्याला किती सोपं होतं! तो खरं बोलतो, हेही तुमच्याच घरात शिकला.

आता जमेल तेवढं करा. रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न 'चर्चला गेलास का' हा नको, जेवलास का, झोप होते का, ऑफिसमध्ये बरं चाललंय का, हे विचारा. नाताळात आला की करंज्या नेहमीसारख्या करा, घरची प्रार्थना नेहमीसारखीच करा, त्याच्यासाठी ती बंद करू नका आणि त्याला ऐकवायला लांबवूही नका. चर्चमधल्या बायांना सांगा बरा आहे, तुम्हीही आठवण ठेवा प्रार्थनेत. आणि मिस्टरांना इफिसकरांस पत्र 6, ओवी 4 उघडून दाखवा. मुलांना चिडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा, ही आज्ञा तिथं 'बापांनो' म्हणून सुरू होते.

माझी नात 7 वर्षांची आहे. प्रभूची प्रार्थना शिकवत होते तर मधेच थांबून म्हणाली, आजी, देव आपला बाबा आहे तर मग देवाला आई काऊन नाही म्हणत? मला उत्तर सुचलं नाही, नंतर सांगते म्हटलं.
– एक आजी, कामठी

येशूनं शिष्यांना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असंच शिकवलं म्हणून आपण तसं म्हणतो, ते बदलायचं कारण नाही, एवढं नातीला सांगा. पण तिथं थांबू नका, तिला यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडून दाखवा. अध्याय 66 मध्ये देव म्हणतो की आई जशी लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. अध्याय 49 मध्ये तर म्हणतो, एखादी बाई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल का? एकवेळ ती विसरेल, मी नाही विसरणार. आणि येशू यरुशलेमेकडे बघून काय म्हणाला, कोंबडी जशी पिल्लांना पंखाखाली घेते तसं तुला घ्यावं असं कितीदा माझ्या मनात आलं. नातीनं कोंबडी पाहिली असेल तर ती हे आपल्यापेक्षा लवकर समजेल.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना तर हे नवीन नाहीच. कवी नारायण वामन टिळक इथं नागपुरात धनिक बुटी घराण्याच्या आश्रयाला होते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका मिशनऱ्याशी गाठ पडली, त्यानं त्यांना बायबल दिलं, आणि 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांवर वाढलेला हा माणूस, त्यांना ख्रिस्तासाठी सापडलेला शब्द होता आई, माउली, सद्गुरू. पंढरीच्या वाटेवर जो शब्द लोकांच्या तोंडी आहे तोच. त्यामुळे नातीनं रात्री झोपताना 'येशू माउली' म्हटलं तर खुशाल म्हणू द्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सगळ्या आयांना उभं करतात, टाळ्या होतात आणि प्रत्येकीला गुलाब देतात. आमच्या लग्नाला 11 वर्षं झाली, मूल नाही. दोन वर्षं मी बसून राहिली आणि आजूबाजूच्या बाया माझ्याकडे अशा बघत होत्या की काय सांगू. आता त्या रविवारी डोकं दुखते म्हणून घरीच राहते. मी संडे स्कूलचा छोटा गट 8 वर्षांपासून घेऊन राहिली आहे. चुकीचं करते का?
– एक भगिनी, सदर

तुमचं काही चुकत नाही, ते गुलाब वाटणाऱ्यांचं चुकतंय, वाईट हेतूनं नसलं तरी.

हा मातृदिन काही बायबलातला सण नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामधल्या ग्राफ्टन गावात, एका मेथडिस्ट चर्चमध्ये, 1908 च्या मे महिन्यात ॲना जार्व्हिसनं आपल्या वारलेल्या आईच्या आठवणीत तो पहिल्यांदा करवला. तिच्या आईनं त्याच चर्चमध्ये वर्षानुवर्षं संडे स्कूल घेतलं होतं. 1914 मध्ये अमेरिकेत तो सरकारी दिवस झाला. आणि ॲना जार्व्हिसचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, तिला मूल नव्हतं. पुढं फुलं आणि कार्डं विकणाऱ्यांनी त्या दिवसाचा बाजार केला म्हणून ती आयुष्यभर भांडत राहिली. म्हणजे ज्या बाईनं हा दिवस सुरू केला तीसुद्धा आज तुमच्या चर्चमध्ये असती तर तिला गुलाब मिळाला नसता.

शास्त्रात मूल नसलेल्या हन्नाची गोष्ट तुम्हांला शंभरदा सांगितली गेली असेल, आणि शेवटी तिला मुलगा शमुवेल झाला हेच जोर देऊन सांगितलं असेल. मला त्यातलं दुसरं काही दिसतं. ती मंदिरात ओठ हलवत, आवाज न करता रडत होती तर एली याजकाला वाटलं ही प्यालेली आहे. मंदिरातल्या माणसालाच तिचं दुःख ओळखू आलं नाही. देवाला आलं. शास्त्रानं ही गोष्ट लपवली नाही, म्हणजे मंडळीत बाईला असं चुकीचं ओळखलं जातं हे देवाला माहीत आहे.

आणि रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात, जिथं नुसती नावांची यादी आहे म्हणून आपण भरभर वाचून टाकतो, तिथं पौल लिहितो : रूफ आणि त्याची आई, जी माझीही आई, यांना सलाम सांगा. पौलासाठी तिनं काय केलं हे कुठं लिहिलेलं नाही. जेवू घातलं असेल, आजारपण काढलं असेल. पौल तिच्या पोटचा नव्हता तरी तिला आई म्हणतो. दबोरा न्याय करायची, सैन्याला उठवायची, तिला शास्ते 5 मध्ये 'इस्राएलाची माता' म्हटलंय आणि तिच्या मुलाबाळांचा एका शब्दानं उल्लेख नाही. आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंना पोटची मुलगी एकच, मनोरमा. पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच या भागाकडे आल्या, उपाशी निराधार मुलींना गोळा करून सोबत घेऊन गेल्या, आणि त्यातूनच केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. त्या पोरींनी रमाबाईंना काय मानलं असेल ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या छोट्या गटातून 8 वर्षांत किती पोरं गेली असतील मोजा एकदा. पाळक साहेबांना किंवा महिला मंडळीच्या सेक्रेटरींना हे पत्र दाखवा, सरळ माझं नाव सांगा. गुलाब द्यायचाच तर चर्चमधल्या प्रत्येक बाईला द्या, विधवा, अविवाहित, मूल गेलेली, मूल नसलेली, सगळ्यांना, आणि कोणालाही उभं करू नका. नाहीतर त्या पैशाची फळं घेऊन घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या आयांना भेटून या.

मी चर्चच्या कमिटीवर आहे, कमाईचा दशांश कधी चुकवला नाही. आमची आई 78 वर्षांची, इंदोऱ्याच्या जुन्या घरी एकटी राहते, गुडघे गेले आहेत, डोळ्याला कमी दिसते. आम्ही तिघं भाऊ, कोणी ठेवायचं यावर दोन वर्षांपासून वाद चालू आहे. मोठा म्हणते माझा फ्लॅट लहान, धाकट्याची बायको नोकरीवर. चर्चच्या छताच्या दुरुस्तीसाठी मी 50 हजार कबूल केले आहेत. बायको म्हणते त्या पैशात आईसाठी दिवसभराची बाई ठेवा. मला वाटते देवाला कबूल केलेलं आधी. आपलं मत द्या.
– एक वाचक, बेझनबाग

तुमच्या बायकोचं बरोबर आहे.

हा प्रश्न येशूसमोर आलेला आहे, मार्कच्या सातव्या अध्यायात. तेव्हा लोक एक युक्ती करत, आईबापाला द्यायची वेळ आली की म्हणत, माझ्याकडून तुला जो फायदा व्हायचा तो कुर्बान आहे, म्हणजे देवाला वाहिलेला आहे. मग धर्माप्रमाणे तो पैसा आईबापाला द्यायचा नाही. तुमचा हेतू तसा नाही हे मला कळतं, तुम्ही मनापासून कबूल केलंय. पण येशू त्यावर जे बोलला ते कडक आहे : तुम्ही आपल्या परंपरेनं देवाचं वचन रद्द करता. आणि पौल तीमथ्याला लिहितो की मुलांनी आधी आपल्या घरच्यांशी धर्मानं वागायला शिकावं, आईबापांचे उपकार फेडावेत, आणि जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. पाळक साहेबांना जाऊन मोकळेपणानं सांगा, छताला पुढच्या वर्षी देतो. ते शास्त्र वाचलेले आहेत, नाही म्हणणार नाहीत.

'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' ही आज्ञा आपण पोरांना पाठ करायला लावतो, जशी काही ती शाळकरी मुलांसाठी आहे. ती मोठ्या माणसांना दिलेली आहे, ज्यांचे आईबाप थकलेत अशांना. मान राख या अर्थाचा तिथला इब्री (हिब्रू) शब्द ज्या धातूपासून आलाय त्याचा मूळ अर्थ जड असणं, वजनदार असणं. आपण मराठीत म्हणतो ना, घरात तिच्या शब्दाला वजन आहे, अगदी तेच. आणि लेवीय 19 मध्ये हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा आईचं नाव बापाच्या आधी घेतलंय.

वधस्तंभावर येशूच्या हातापायांत खिळे होते, श्वास घेणं कठीण होतं. त्या अवस्थेत त्यानं आईकडे आणि आपल्या प्रिय शिष्याकडे बघितलं आणि म्हणाला, बाई, हा पाहा तुझा मुलगा, आणि शिष्याला, ही पाहा तुझी आई. त्यानं तिची राहायची सोय लावली. योहान लिहितो की त्या वेळेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्या वेळेपासून. भावांची मीटिंग, कोणाचा फ्लॅट केवढा, हे काही मधे आलं नाही.

तेव्हा या आठवड्यात तिघं भाऊ एकत्र बसा, पण तुमच्या घरी किंवा हॉटेलात नको, इंदोऱ्याला आईच्याच घरी बसा, सुनांनाही घेऊन. दिवसभराची बाई लगेच ठेवा, खर्च तिघांत. डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन जा, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन होते, उगाच 'वय झालं' म्हणून सोडू नका. उन्हाळ्याच्या आत कूलरचं बघा, एप्रिलपर्यंत थांबू नका. आणि हे सगळं ठरवायच्या आधी, बसल्या बसल्या पहिला प्रश्न तिलाच विचारा की आई, तुला कुठं राहायचं आहे. तुमच्या पत्रात मोठ्या भावाचं म्हणणं आहे, धाकट्याच्या बायकोची अडचण आहे, तुमचं आणि तुमच्या बायकोचं मत आहे. आईचं एकही वाक्य नाही.